अण्णा, तुझं नवं मशीन मी विकू दिलं नाही

अण्णा,

आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे ओल्या मातीवरून कोंबडी गेल्यासारखं, असं तूच म्हणायचास, आणि ते अजून तसंच आहे. ऱ्हस्व कुठं द्यायचा, दीर्घ कुठं, हे मला चौथीपर्यंत कळलं नाही, आणि पाचवीपासून आपल्या गावात शाळा कानडी, तिथं मला कुणी पाठवलं नाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. तुझ्या रेखाच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून घेतली आहेत. दुपारी सगळी शेतात गेली की लिहिते. दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही.

तोंडानं बोलणं मला कधी जमलं नाही. तुझ्याशी भांडायचे तेसुद्धा भांडी घासताना, तुझ्याकडं पाठ करून. आता पाठ तरी कुणाकडं करायची? म्हणून लिहिते.

तुझं नवं मशीन घरातच आहे. तू गेल्यावर ते विकायचं ठरत होतं, मी विकू दिलं नाही. हे ऐकून तू हसणार. कारण ते घरात आलं त्या दिवसापासून त्याच्या विरुद्ध बोलणारी या घरात मी एकटी होते.

मशीन आपलं म्हणायचं. खरं नाव रेग्युलेटर. पाठीवरच्या टाकीत ठासून भरलेली हवा माणसाला ओढता येईल इतकी मऊ करून तोंडात द्यायची, एवढंच त्याचं काम. तुझं पहिलं होतं ते पितळी. बंधाऱ्याची दारं बसवायला मुंबईच्या गोदीतला एक म्हातारा पाणबुड्या आला होता. त्याच्या टाक्या उचलता उचलता तू त्याच्या मागं पाण्यात उतरायला शिकलास, आणि काम संपवून जाताना तो ते तुझ्या हातात देऊन गेला. वरचा चकचकीत मुलामा उडून आतलं पिवळं दिसायला लागलं, म्हणून आपण त्याला पितळी म्हणायला लागलो. त्या पितळीवर तू भीमेच्या या काठाला किती ऊस जगवलास! पंपाचा पाइप नदीत जातो, त्याच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो, त्याच्या जाळीला गाळ बसतो, जलपर्णी अडकते, कुणाची साडी, कुणाचं धोतर अडकतं, आणि वर पंप नुसता घुमत राहतो. मग फटफटीवर कुणीतरी येणार, "अण्णा हायत का घरात?" जेवण अर्धं टाकून तू उठायचास. वहिनी चिडायची. मी टाकीचा पट्टा झटकून ठेवायचे.

मी नवऱ्याच्या घरून परत आले तेव्हा बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हते. भिंतीकडं तोंड करून निजायचे. एक दिवस तू दारात उभा राहिलास, हातात तो जाड पांढरा दोर.

"शके, ऊठ. दोर धर माझा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय हाय? एक झटका, मी बरा हाय. दोन, ढील दे. तीन, वढ."

"अन् इसरले तर?"

"तर मी मरतो. म्हणून तू इसरायची न्हाईस."

एवढंच शिकवलंस. काठावर माणसं हसली. पंपाचा मालक मोठ्यानं म्हणाला, "बाईच्या हातात जीव देऊन खाली जायलास व्हय रं?" तू चष्मा डोळ्यांवर ओढत म्हणालास, "माझा जीव घरच्या माणसाच्या हातात हाय, मालक. तुमचा तर सोसायटीच्या हातात हाय." तो मालकसुद्धा हसला. मी पदर पुढं ओढून खाली बघत होते. पण दोर माझ्या मनगटाला होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला तू होतास. तोवर गावात माझी ओळख टाकलेली म्हणून होती. त्यानंतर दोरवाली झाले. हे मी तुला कधी बोलले नाही. तुला कळलं असेल का? तुला बरंच काही न बोलता कळायचं, आणि कळलं हेही तू दाखवायचा नाहीस.

रिकामं बसवत नव्हतं, म्हणून मी सूपभर तूर घेऊन यायचे. डाव्या मनगटाला दोर, उजव्या हातानं खडे निवडायचे. हळूहळू असं झालं की सूप संपत आलं की तू वर यायचास. पितळीमुळं यायचास. टाकीतली हवा कमी झाली की पितळी जड व्हायचं, श्वास ओढायला छातीला जोर लागायचा. उन्हाळ्यात आपल्या नदीत डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही, तिथं हवेचा काटा कोण वाचणार? पण पितळी छातीलाच सांगायचं, चल आता. म्हणून माझा त्याच्यावर जीव होता. घरी आल्यावर मी ते खोलायचे, कोमट पाण्यात लिंबू पिळून धुवायचे, माझी बोटं बारीक म्हणून आतली रबरी कडी मीच काढायचे. वहिनी म्हणायची, "पोराला नहाण घातल्यासारखं घालायलीस की गं!"

त्याचं दुखणंही मला माहीत होतं. त्याच्या पोटाला भोकं आहेत, बाहेरचं पाणी आत शिरावं लागतं, त्याशिवाय ते चालत नाही. पाण्याबरोबर गाळ शिरतो. बंधाऱ्याच्या दाराखाली एकदा वाळूचा खडा आत बसला आणि हवा थांबेचना. काठावरून मला पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसलं. मी ओढायच्या आत तूच वर आलास, तोंडाशी पितळी फुत्कारत होतं, आणि तू हसत होतास.

"बघ शके, बिघडलं तरी हवा देऊन बिघडलं. बंद न्हाई पडलं."

पण त्या दिवशी तू चहा अर्धाच प्यायलास. मग म्हणालास, टाकी बघता बघता रिकामी झाली, उघड्या पाण्यात होतो म्हणून बरं, जाळीच्या आत डोकं घातलेलं असतं तर? तिथून तुझ्या तोंडी नवं मशीन यायला लागलं.

पैसे वहिनीच्या भावानं, दत्तूनं दिले. उसाचं बिल आलं तसं उचलून त्यानं तुझ्या हातात ठेवलं, कागद नाही, काही नाही. वहिनीला ते फार लागलं. भावापुढं हात पसरला म्हणून तिनं शपथ घेतली, हे पैसे फिटल्याशिवाय माहेरचा उंबरा चढणार नाही. तू म्हणालास, "शपथ तू घेतलीस, फेडायचं मला लावलंस." ती म्हणाली, "मग लवकर फेडा." तेव्हापासून पंचमीला ती इथंच राहिली. शेजारच्या बायका माहेरी झोका खेळायला जायच्या आणि ही भिंत सारवत बसायची.

तू मुंबईला जाऊन मशीन आणलंस. त्याच फेरीत सोलापुरातून टाक्या भरून घेतल्यास आणि अफजलपूरच्या गाडीत बसलास. कंडक्टर म्हणाला, "गॅस हाय का?" तू म्हणालास, "न्हाई, हवा हाय." तर तो म्हणतो, "पोटातली हवा फुकट, डब्यातल्या हवेला लगेज लागतंय." ही गोष्ट तू किती जणांना सांगितलीस!

ते नवं काळं, लहान, हलकं. सगळीकडून बंद. पाणी आतल्या स्प्रिंगला लागतच नाही, त्यामुळं गाळही नाही. आणि श्वास लोण्यासारखा. टाकी भरलेली असो की संपत आलेली, श्वास तसाच. तू मला अंगणात बसवून ते तोंडात धरायला लावलंस. रेखा हसायला लागली, मला लाज वाटत होती.

"वढ की. घाबरायलीस कामून?"

मी ओढला. काही कळलंच नाही. श्वास घेतेय असंही वाटलं नाही.

"कसं हाय?"

"मुकं हाय," मी म्हणाले.

तू खूप हसलास. पण मी खरंच म्हणत होते.

मग ती सकाळ आली. मोठ्या विहिरीत, जिथं नदीचं पाणी पाइपनं येतं, तिथला व्हॉल्व्ह काढायचा होता. तू नवं घेऊन उतरलास. माझं सूप संपलं. तू आला नाहीस. मी मनगटाचा दोर एकदा ओढून पाहिला, खालून झटका नाही. मी ओरडले नाही, मला ओरडता येतच नाही. मी पाय काठाच्या दगडाला लावले आणि ओढत सुटले. तुझ्या हाताखालचा महेबूब पंपाच्या खोलीतून धावत आला, त्यानं मागून धरलं. तू वर आलास तेव्हा ओठ जांभळे, तोंडातून मशीन सुटलेलं. काठावर पालथा पडून खोकलास, आणि पहिलं वाक्य काय बोललास?

"शके... तूर झाली व्हय निवडून?"

मी तिथंच सूप फेकलं. सगळी तूर चिखलात.

तू नेहमीसारखा श्वास जड व्हायची वाट बघत काम करत राहिलास. नवं जड झालंच नाही. शेवटचे एकदोन घोट कसेबसे आले आणि संपलं. आयुष्यभर पितळीच्या सवयीनं चाललेला माणूस अशीच चूक करणार. घरी आल्यावर मी भांडी घासायला बसले आणि पाठ करून बोलले, इतकं कधी बोलले नव्हते. फेकून दे ते मुकं. जे सांगत नाही त्याच्यावर जीव कसा टाकायचा?

तू चिडला नाहीस. मला वाटलं होतं चिडशील. चुलीपुढं उकिडवा बसून म्हणालास, "शके, त्यानं शेवटच्या घोटापर्यंत हवा दिली. त्याचं काय चुकलं? मी चुकलो. हे बघ, दोघंबी कधीतरी संपणार, दोघंबी बिघडणार. कोण कसं बिघडतंय, ते आपल्याला ठावं पायजे. पितळी सांगून संपतंय, पण चिखलात तोंड फाडतंय. नवं चिखलाला भीत न्हाई, पण सांगत न्हाई. मग सांगायला दुसरं कुणीतरी पायजे."

"कोण?"

"तू हाईस की. तुझं सूप हाय."

मी भांडी घासत राहिले. रागात होते. पण अण्णा, माझी एवढी मोठी किंमत कुणी केली नव्हती.

तिथून तू पद्धत बदललीस. तोंडात नवं. छातीवर एक लहान टाकी, तिला पितळी बांधलेलं, नुसतं सोबतीला. आणि वर यायचं ते छातीच्या सांगण्यावर नाही, माझ्या तीन झटक्यांवर. सूप थोडं कमी भरायचं हेही तूच ठरवलंस. काम अर्धं असो, झटके आले की तू यायचास. एकदाही म्हणाला नाहीस, थांब, एवढं करून येतो. पाण्याखाली हुकूम माझा चालायचा. मालक लोक ओरडायचे, "आत्ता तर गेला, लगेच काय वढायलीस?" तू वर येऊन त्यांना सांगायचास, "तिला विचारा. मी नोकर हाय."

तरी भांडण मिटलं नव्हतं. तू नव्याचं धरून होतास, मी पितळीचं. पितळी घरी खोलता येतं, नव्याचे भाग मुंबईहून येतात, ही माझी बाजू. खोलावं लागतंय म्हणूनच तर ते जुनं, ही तुझी. संक्रांतीला तिळगूळ देतानासुद्धा तू म्हणालास, "गोड बोल, अन् नव्याला चांगलं म्हण." मी तिळगूळ घेतला, चांगलं म्हटलं नाही.

चैत्रात दुपारी चहाची बशी हातात असतानाच तू मागं रेललास. सोलापूरला पोचायच्या आत सगळं संपलं होतं. आदल्या दिवशी तू टाकी खांद्यावर घेऊन बांध चढलास, दमलाही नाहीस. मला काही सांगितलं नाहीस. त्यावर मी जास्त लिहीत नाही, मला लिहवत नाही.

तेराव्यानंतर सोलापूरकडचा एक व्यापारी आला. नव्या मशीनची किंमत त्यानं निम्म्याहून कमी सांगितली. वहिनी द्यायला तयार झाली. तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. ती म्हणाली, जेवढे फिटतील तेवढे फिटू देत, बाकीचे मी मजुरीनं फेडीन, मग माझं माहेरी जाणं कायमचं राहिलं तरी चालेल. महेबूब तिथंच बसला होता. तुझ्या हाताखाली त्यानं इतकी वर्षं काढली, पोहायला तुझ्याहून चांगला. नदी आटली होती, काठचे पंप एकेक बंद पडत होते, त्याला रोज बोलावणी येत होती.

"वहिनी, तुम्ही नवं विकून टाका," तो म्हणाला. "मी पितळीवर जातो. अण्णाला बी त्या नव्यानं एकदा दगा दिलता. आपल्याला नको."

मी आतल्या दाराशी उभी होते. हीच तर माझी बाजू होती, मी तुझ्याशी इतके दिवस हेच बोलत होते. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मला बंधाऱ्याखालचं ते उकळणारं पाणी दिसलं. आता तर नदी नुसता गाळ, पिठल्यासारखी. पितळी एकटं घेऊन महेबूब जाळीत डोकं घालणार, आणि माझ्या हातात दोर.

मी बाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण बाहेर आले.

"पितळीवर एकट्यानं जायचं न्हाई," मी म्हणाले. "या गाळात ते तोंड फाडंल. नवं तोंडात, पितळी छातीवर. अण्णा करायचा तसंच."

व्यापारी म्हणाला, "बाई, यात तुम्ही कशाला पडायलाव?"

महेबूब त्याला म्हणाला, "शेठ, चहा घ्या तुम्ही. दोर अक्काच्या हातात असतोय." मग माझ्याकडं वळला. "अक्का, तुम्हीच तर नव्याला शिव्या द्यायचाव!"

"द्यायचे. नवं सांगत न्हाई म्हणून द्यायचे. मी सांगते की. मग त्याला कशाला शिव्या?"

हे शब्द माझ्या तोंडातून आले आणि मला कळलं की हे तुझे आहेत. वहिनी माझ्याकडं वळली. मग हळूच म्हणाली, "अन् काय झालं तर? महेबूबचीबी बायको हाय घरात. मला पैशापायी कुणाचा जीव नको, शकूवन्सं."

मी म्हणाले, "झालं तर माझ्या हातानं होईल. म्हणून होऊ देणार न्हाई."

व्यापारी चहा पिऊन गेला.

पहिल्या दिवशी मी सूप अर्धंच भरलं. महेबूब अंगानं दुप्पट, त्याला हवा जास्त लागणार, असा मी हिशेब केला. सूप संपलं, तीन झटके दिले. तो वर आला तो तणतणत.

"अक्का, हातातोंडाशी आलतं की काम! जलपर्णीचा एक वेढा राहिलता नुसता!"

"हवेचा काटा बघ," मी म्हणाले.

त्यानं अंगठ्यानं चिखल पुसून काटा पाहिला. श्वास कसा होता म्हणून मी विचारलं. म्हणाला, "लोणी." मग म्हणाला, "अक्का, कसम से, मला वाटलं अजून अर्धी टाकी हाय." दुसरी टाकी लावून तो परत उतरला आणि वेढा काढून आला. पंपानं पाणी ओढलं. माणसांनी नारळ फोडला. महेबूबनं खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि त्या वेळी तू काठावर नाहीस हे मला पहिल्यांदा पुरतं कळलं. तोवर मला आपलं वाटत होतं की तू खाली आहेस.

घरी येऊन मी पितळी खोललं. छातीवर नुसतं लटकून आलं होतं, तरी पोटात गाळाचा थर, स्प्रिंगपर्यंत. मी किती वेळ ते हातात धरून बसले. तू बरोबर होतास अण्णा. तुझ्या जिवंतपणी मी हे म्हणायला हवं होतं, संक्रांतीलाच म्हणायला हवं होतं. तू काही फार फुगला नसतास. थोडा फुगला असतास. पण माझंही पुरतं चुकलं नव्हतं, हे तूही कबूल कर. पितळी मी धुऊन, पुसून लहान टाकीला परत बांधलं. ते अजून रोज जातं.

पाऊस येईपर्यंत काम संपलं नाही. एका गावाहून दुसऱ्या गावाला, महेबूबच्या जुन्या जीपमधून, टाक्या मागं आणि मी पुढं. आधी मालक लोक विचारायचे, अण्णा न्हाईत मग कोण? आता म्हणतात, दोरवालीला बोलवा. मला अजून लाज वाटते. पण मी जाते. काठावर बसले की तुझं सगळं आठवतं. चष्म्याच्या काचेवर थुंकून ती पुसणं, उतरण्याआधी पाण्याला हात लावून तो छातीला लावणं, आणि वर आल्यावर आधी माझ्याकडं बघणं, मग मालकाकडं. कामाला गेलेला माणूस पैशाकडं आधी बघतो. तू दोराकडं बघायचास. तुझ्याइतका मोठा माणूस मी पाहिला नाही. माझं पाहणं थोडं आहे, पण ज्यांनी खूप पाहिलंय तेही तसंच म्हणतात.

महेबूब आपला वाटा घ्यायचा आणि तुझा वाटा वहिनीच्या हातात ठेवायचा. तू होतास तेव्हा जितका होता तितकाच. वहिनी नको म्हणाली तर तो म्हणाला, "मशीन कुणाचं हाय? अण्णाचं. मग अण्णाचा वाटा कसा बुडंल?" माझा वाटाही मी तिच्याकडंच दिला. तिनं त्यातला एक पैसा मिठासाठीसुद्धा मोडला नाही.

काल दत्तू आला, बहिणीला पंचमीला न्यायला. दरवर्षी येतो, दरवर्षी रिकामा जातो. ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "आक्के, आता दाजी बी न्हाईत. कसली शपथ अन् कसलं काय. मला ते पैसे नकोत. चल."

वहिनी आत गेली. फडक्यात बांधलेलं घेऊन आली आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"मोज."

"आक्के..."

"मोज म्हणते न्हवं."

तो मोजायला लागला. दोनदा चुकला, परत पहिल्यापासून मोजलं. रेखा दाराला टेकून उभी होती, मी चुलीपाशी. मोजून झाल्यावर त्यानं फडकं घडी करून वहिनीला परत दिलं आणि म्हणाला, "बरोबर हाय. भरले."

वहिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठून पिशवी भरायला गेली.

ती आज सकाळी माहेरी गेली, अण्णा. दत्तूचे पैसे फिटले. सगळे.